लाहीबाबांची गाडी वाकत नाही

"पाठ वाकू देऊ नको. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

मामंजी हे म्हणाले तेव्हा खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं आणि मी त्यांना पेज भरवत होते. मी म्हटलं, "हो." त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "हो म्हणालीस ना?" मी पुन्हा हो म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी पुढचा चमचा घेतला.

संध्याकाळी हे कोल्हापूरला भाजी टाकून परत आले. मी निरोप सांगितला, की मामंजी म्हणतायत, पाठ वाकू द्यायची नाही. ह्यांनी पाय धुताधुता मान हलवली. मामंजी त्याच आठवड्यात गेले. पुढं मठ समितीनं ते वाक्य मठाच्या दारावर तैलरंगात लिहून घेतलं. खाली मामंजींचं नाव आलं आणि त्याच्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, रंग देणाऱ्याचं.

ज्यांना लाहीबाबा माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आंबेघोलच्या मठात बाबा राहिले आणि तिथंच गेले. खायचे ते फक्त लाह्या. मागे ठेवलं ते एक काठी आणि लाकडी पादुकांचा जोड. दर माघी पौर्णिमेला त्या पादुका घाट उतरून खाली शिरगण्याला जातात. तिथं खाडी संपते. समुद्र एवढा लांबून आपल्याकडे आलाय तर उरलेली वाट आपण चालावी, असं बाबा म्हणायचे म्हणे. सूर्य मावळायच्या आत पादुकांना खारं पाणी लागलं पाहिजे.

त्या न्यायचा मान आम्हा भारमलांच्या घरचा. वेताची करंडी, करंडीत पादुका, करंडी डोक्यावर. वाटेत ती जमिनीला टेकवायची नाही, आणि नेणाऱ्यानं त्या दिवशी कुणापुढं वाकायचं नाही. एकदा खुद्द मामलेदार मामंजींच्या वाटेत हात जोडून उभे राहिले होते. मामंजी "बरं आहे" एवढंच म्हणून पुढं गेले. ज्याची पाठ वाकली त्याचा मान गेला, असा कडक नियम.

माझं म्हणाल तर लग्न होऊन आले तेव्हापासून रोज पहाटे ओढ्याची एक घागर डोक्यावरून मठात नेते, आणि ती तुळशीला घालेपर्यंत बोलत नाही. आधी आत्याबाई हे करायच्या, मी आले तसं त्यांनी ते माझ्याकडे दिलं. माघी पौर्णिमेला मात्र पादुकांना खारं पाणी लागेपर्यंत मौन असतं. बाबांचा दिवा मांडीवर घेऊन बसायचं आणि तो विझू द्यायचा नाही. न बोलणाऱ्या बाईसमोर लोक अगदी मोकळेपणानं बोलतात. ती तिथं आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळं ह्या गोष्टीतलं बरंचसं मी कान लावून ऐकलेलं नाही, ते आपोआप माझ्या कानावर आलेलं आहे.

मामंजींच्या मागे ह्यांनी तीनचार वर्षं पादुका नेल्या. मग भाजीची पोती उचलताना ह्यांच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी एक रुंद पट्टा दिला. रोज सकाळी शर्ट घालायच्या आधी हे श्वास आत ओढून उभे राहायचे आणि मी मागून पट्टा आवळायची. वरून बघणाऱ्याला दौलत भारमल खांबासारखा सरळ दिसायचा. ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. कळली असती तर मान गेला असता, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मान आपल्या हातून गेला, हे ह्यांना मणक्यापेक्षा जास्त दुखलं असतं.

नेमकं त्याच सुमारास समितीच्या मनात रथ आला. अध्यक्ष तोडकर साहेब भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मांडलं की पादुका एकट्या माणसाच्या डोक्यावरून जातात, त्यात भक्तांचा सहभाग राहत नाही. सहभाग म्हणजे बसायला जागा, हे सगळ्यांना न सांगता कळलं. तेव्हा दोन चाकांचा फायबरचा रथ करून घेतला. दोन्ही बाजूंना मोर, मध्ये सिंहासन, मागे जनरेटर, चारी कोपऱ्यांत कर्णे. शिवाय दानपेटी, तिला वजन असावं अशी सगळ्यांचीच इच्छा. रथाला ब्रेक बसवायचे का, असं कारागिरानं विचारलं होतं. देवाच्या रथाला कसले ब्रेक, असं समितीचं मत पडलं. रथ ओढायला आमचा पिकअप. ह्यांनी लगेच होकार दिला, तेव्हा सगळ्यांना ह्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं. मला काय वाटलं ते मी देवापुढं दिवा लावताना सांगितलं.

पहिल्याच वर्षी पिकअपची पाठ बसली. रथाचा दांडा मागून हुकावर दाबत होता आणि हौद्यात समिती बसली होती. मागची बाजू अशी खाली गेली की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले. रथही पुढं कलला आणि पादुका सिंहासनावरून घसरून काठाशी आल्या. शिरगण्याला समितीतले बळूअण्णा चौगले खाली उतरले, गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "भारमलाची पाठ वाकली की."

बळूअण्णांकडे गेल्याच दिवाळीत नवी गाडी आली होती, आमच्यापेक्षा मोठी.

बैठक झाली. तोडकर साहेबांनी नियम वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ लावला. पूर्वी पादुका भारमलाच्या डोक्यावर होत्या, आता गाडीमागं आहेत, म्हणजे आता गाडी हीच भारमल. तेव्हा गाडीची पाठ ती भारमलाची पाठ. ह्यावर कुणाला हसू आलं नाही. बळूअण्णांनी मान मागितला. साहेबांनी ह्यांना एक वर्षाची मुदत दिली. पुढच्या माघीला गाडी वाकली तर मान चौगल्यांचा. आणि वाकू नये म्हणून काय करायचं, तेही त्यांनीच सुचवलं, कारण त्यांचा भाचा दिगंबर हायवेवर फिटर होता.

दिगंबर दोन रबरी भाते घेऊन आला. लोहाराच्या भात्यासारखेच, पण काळे आणि गुबगुबीत. मठाच्या अंगणात गाडीखाली आडवा होऊन तो सांगत होता, बाकीचे वाकून ऐकत होते. हे सरळ उभे होते.

"हे मागच्या अ‍ॅक्सलवर बसतात, चासीच्या खाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला. केबिनमधी बटण. दाबलं की हवा, आणि हवा भरली की गाडीची पाठ वर. एअरबॅग म्हणतात ह्याला."

"अपघातात फुटते ती?" बळूअण्णांनी विचारलं.

"ती वेगळी. हिचा अपघाताशी काय संबंध नाही."

दिगंबर त्या दिवशी जे काही बोलला त्यातलं हे सगळ्यात खरं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

हे म्हणाले, "भार किती चालंल?"

"भार तुम्ही टाका दौलतमामा, पाठ मी बघतो."

भात्यांची पूजा झाली. रबरावर कुंकू टिकेना म्हणून पुजाऱ्यांनी बोटभर तेल लावलं. दिगंबरनं ते पुसून काढलं, तेलानं रबर खराब होतं म्हणाला. मग नुसत्या अक्षता वाहिल्या. चाचणीला गावातले जाडेजुडे लोक हौद्यात चढवले. गाडी बसली. दिगंबरनं बटण दाबलं. गाडीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि सगळ्यांना घेऊन पाठ हळूहळू वर आली, म्हैस बसल्या जागेवरून उठते तशी.

मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीनं हात जोडले. तिचं बघून शेजारणीनं जोडले. तोडकर साहेबांनी एकदा गाडीकडे, एकदा जोडलेल्या हातांकडे बघितलं, आणि तेही हात जोडून म्हणाले, "बाबांनी उचललं."

"पंपानं उचललं, मामा," दिगंबर म्हणाला.

"पंप कुणाच्या इच्छेनं चालला?"

दिगंबर पुन्हा गाडीखाली गेला. दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या चाकांवर भगव्या कापडाची झालर शिवून लागली, जमिनीला टेकेल एवढी. भाते झाकले गेले. महिन्याभरात आजूबाजूच्या वाड्यांवर बातमी गेली होती, की लाहीबाबांची गाडी वाकत नाही. बाजारात भेटलेल्या एका अनोळखी बाईनं मला ती सांगितली आणि वर म्हणाली, "तुमचा नाही का विश्वास?" मी म्हटलं, बाबांवर आहे.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं, "ती हवा भार कुठं नेते?"

"कुठं न्यायची. तिथंच असतो."

"मग?"

"दिसत नाही."

हे जेवून उठले, भिंतीला धरून. सकाळी पट्टा आवळताना नेहमीच्या भोकात पाठ सरळ राहीना, म्हणून मी बकल आणखी घट्ट, पुढच्या भोकात घातलं.

माघी पौर्णिमा आली. मी घागर घातली आणि मौन धरलं. दिवा घेऊन केबिनमध्ये मधोमध बसले. उजवीकडे हे, डावीकडे तोडकर साहेब हातात माईक घेऊन. हौद्यात समिती, दिगंबर, लाह्यांची पोती, प्रसादाच्या तांदळाची पोती, कढया. रथावर करंडीत पादुका. आणि पादुकांच्या मागं, दानपेटीला टेकून, बळूअण्णा. ते आपण होऊन मागं बसले होते. सोबत चौगले भावकीतली माणसं होती, आणि ती निवडताना अण्णांनी भक्तीपेक्षा अंगलोट बघितली असावी.

पहिल्या वाडीशी गाडी थांबली. आरती झाली, आणि निघताना अण्णांचा आवाज आला, "या, या, चढा. बाबांची गाडी हाय. वाकत न्हाई."

लोक चढले. मी आरशात बघितलं, हेही आरशात बघत होते. बटण दाबलं, गुरगुर झाली, पाठ वर आली. खाली उभ्या लोकांनी जयजयकार केला.

दुसऱ्या वाडीशी अण्णांनी एका म्हातारबुवांना त्यांच्या खाटेसकट चढवलं. ह्यांनी बटण दाबलं. तिसऱ्या वाडीनं मठाला द्यायचं म्हणून दगडी जातं काढून ठेवलं होतं. ते न्यायचं राहून जाईल म्हणाल्यावर अण्णा स्वतः खाली उतरले आणि त्याला हात लावला. मधुमेह असलेल्या माणसानं एवढं वजन उचलू नये, पण श्रद्धा असली की माणसाला बळ येतं. ह्यांनी बटण दाबलं. असं चाललं होतं. अण्णा भार घालत होते आणि हे हवा घालत होते, आणि दोघांच्या मध्ये बाबांचा जयजयकार वाढत चालला होता. गाडी मात्र अशी सरळ, की पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता. लोक मोबाइलवर तिचे फोटो काढत होते. पादुका कुठं आहेत असं एका बाईनं विचारलं, तेव्हा तिला जरा थांबायला सांगण्यात आलं. तिथं कुणीतरी बसलं होतं.

घाटाच्या तोंडाशी ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"साहेब, सगळ्यांना उतरवा. खाली पायथ्याला परत चढूदेत."

"का? वाकली का गाडी?"

"वाकली न्हाई. पण भार हाय. गाडी उभी ऱ्हाती सरळ, थांबायचं वेगळं असतंय."

साहेबांनी माईक मांडीवर पालथा धरला. "दौलत, आत्ता जर लोकांना उतरवलं, तर त्याचा अर्थ काय होतो? गाडी वाकणार होती, असाच ना? एवढ्या लोकांची श्रद्धा आहे. उद्या चौगले काय म्हणतील? आणि तू काय म्हणशील? मान तुझाच जातोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनींना विचार हवं तर. वहिनी, काही हरकत?"

मी त्यांच्याकडे बघून मान आडवी हलवली, मग दार दाखवलं, मग मागची माणसं दाखवली. हातात दिवा होता, तोही हलला.

"बघ," साहेब म्हणाले. "त्यांची काही हरकत नाही."

हे मागं गेले. अण्णांना म्हणाले असतील, पायथ्यापर्यंत चाला. काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, मागून हसणं मात्र आलं. परत येऊन बसले तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम होता. पट्ट्यावर हात ठेवून क्षणभर थांबले, आणि गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली.

घाटाची पहिली वळणं नीट गेली. मग वास यायला लागला, तव्यावर रबर ठेवल्यासारखा. साहेब म्हणाले, कुणीतरी धूप लावलाय. मी ह्यांच्या पायाकडे बघितलं. पाय ब्रेकवर होता आणि ब्रेक तळाला टेकला होता, तरी झाडं पुढून मागं जायची थांबत नव्हती. रथ मागून ढकलत होता. इंजिन ओरडत होतं. पुढच्या वळणाला दरीच्या बाजूनं कठडा नव्हता, काम चाललं होतं. डोंगराच्या बाजूला खडीचा ढीग होता.

"धरा," हे म्हणाले. बस एवढंच. आणि गाडी ढिगात घातली.

खडी बोनेटवर आली. मागं कढया वाजल्या, खाट वाजली, माणसं एकमेकांवर गेली. मग सगळं थांबलं. एका कर्ण्यातून भजन चालूच होतं. तेल माझ्या लुगड्यावर सांडलं होतं, पण वात जळत होती. मी खाली उतरले. चाकांवरच्या झालरीला धूर येत होता आणि दिगंबर ती ओढून काढत होता. कुणाला खरचटलं होतं, कुणाचा दात हलत होता, म्हातारबुवा खाटेवर होते तिथंच होते आणि पोचलो का म्हणून विचारत होते. दरी दोन पावलांवर होती. तिकडे कुणी बघत नव्हतं.

आणि गाडी अगदी सरळ उभी होती. पाठ तसूभर वाकली नव्हती.

साहेबांनी माईक शोधून काढला. "भक्तहो," ते म्हणाले, आणि आवाज फुटला. घोटभर पाणी पिऊन पुन्हा म्हणाले, "भक्तहो, बाबांनी गाडी थांबवली."

"भारमलानं थांबवली," लोकांतून कुणीतरी म्हणालं.

गाडी आता जाणार नव्हती. दिगंबरनं चाकाला हात लावून झटकन मागं घेतला, आणि आजचा विषय संपला म्हणाला. ऊन कलायला लागलं होतं. त्या वळणावरूनच जुनी पाऊलवाट खाली जाते, पूर्वी पादुका तिनंच जायच्या. उतरलं तर सूर्य मावळायच्या आत शिरगणं गाठता येतं. साहेबांनी वाटेकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"दौलत, उचल पादुका. मान तुझा आहे. गाडी वाकलेली नाही, सगळ्यांनी बघितलंय."

हे शर्टाची बटणं काढायला लागले. सगळ्यांना वाटलं, उघड्या अंगानं पादुका नेणार, मामंजी तशाच न्यायचे. बायकांनी मान खाली घातली. ह्यांनी शर्ट काढून आरशावर टाकला, पट्ट्याचं बकल सोडलं आणि पट्टा साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो प्रसाद घेतल्यासारखा दोन्ही हातांत घेतला. पट्टा सुटला तसे हे हळूहळू एका बाजूला झुकले आणि हात गाडीवर टेकून उभे राहिले.

"माझी पाठ कधीच वाकलीया, साहेब. गाडीच्या आधी. ही रोज आवळायची म्हणून दिसत नव्हती."

कर्ण्यातलं भजन कुणीतरी बंद केलं.

साहेबांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. नियम त्यांना पाठ होता. "मग," ते म्हणाले, "नियमाप्रमाणे मान चौगल्यांचा. अण्णा."

सगळे बळूअण्णांकडे बघायला लागले. ज्याच्यासाठी अण्णा वर्षभर झटले, जातं उचललं, ते आज त्यांच्यापुढं येऊन उभं होतं. अण्णांनी धोतराचा सोगा नीट केला आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन खाली बघितलं. वाट दगडांतून वळत खाली करवंदीच्या जाळीत शिरत होती.

"मान आमचाच हाय," अण्णा म्हणाले. "त्यात वाद न्हाई. गाडी मागवून घेतो की."

"गाडी यायला अंधार होईल."

"साखरेचा त्रास हाय मला. पायाला जखम झाली तर भरत न्हाई. भावकीतलं कोण तरी—"

भावकी चाकं बघण्यात गुंतली होती. एकाचा गुडघा होता, एकाला उतारावर चक्कर यायची, एकाचं नुकतंच डोळ्याचं झालं होतं. रथावर चढताना ह्यांतलं काहीच कुणाला आठवलं नव्हतं. तोडकर साहेब म्हणाले, सर्वानुमते एक उपसमिती नेमावी. दोघांनी अनुमोदन दिलं. मग उपसमितीत कुणी जायचं ह्यावर बोलणं सुरू झालं, आणि करंडी तिथंच सिंहासनाच्या काठाशी कललेली, बाजूला कुणाची तरी चप्पल.

मी दिवा हातात घेऊन उभी होते. समोर हे होते, गाडीला धरून, कधी नव्हे एवढे वाकलेले, आणि कधी नव्हे एवढे शांत. मला त्या वेळी मामंजींच्या पायांवरचं ऊन आठवलं. खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. ह्यांना सांग, असं ते म्हणाले नव्हते. निरोप दे, असंही नाही. त्यांना खिडकीतून रोज पहाटे ओढ्याची वाट दिसायची, आणि त्या वाटेवर घागर घेतलेली मी. "हो म्हणालीस ना?" असं त्यांनी तोंड मिटून मला विचारलं होतं, आणि मी ते संध्याकाळी दुसऱ्याच्या हवाली करून मोकळी झाले होते. सगळ्या गावानं ते दारावर लिहिलेलं वाचलं. पण ते ज्याला सांगितलं होतं त्यानं हो म्हटलं होतं, आणि ती मी होते.

कड्यातून पाझरणाऱ्या पाण्यात मी पाय धुतले. दिवा ह्यांच्या हातात दिला. कोरड्या पदराचं टोक पिळून चुंबळ केली, रोज करते तशी, आणि रथापाशी जाऊन उभी राहिले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दिवा गाडीच्या टपावर ठेवला, एका हातानं मोराची मान धरली आणि दुसऱ्या हातानं करंडी ओढून घेतली.

"अरे दौलत," साहेब म्हणाले, "बाईमाणसानं आजवर हा मान घेतलेला नाही."

"मान तुमच्याकडंच ऱ्हाऊदे साहेब," हे म्हणाले. "तिला पादुका खाली न्यायच्यात."

बळूअण्णा काही म्हणायला पुढं झाले होते. ते वाटेतून बाजूला झाले. मग खाली वाकून एक काटेरी फांदी होती ती उचलून दरीत टाकली.

ह्यांनी करंडी माझ्या डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी, दुखत असणार तरी हलू न देता. ती टेकली आणि मी नकळत मान ताठ केली, घागरीच्या सवयीनं. वजन आलंच नाही. रथ, मोर, जनरेटर, जातं, सगळं बाजूला काढल्यावर उरलेल्या पादुका रोजच्या पाण्यापेक्षा हलक्या होत्या. ह्यांनी टपावरचा दिवा उतरवून माझ्या उजव्या हातात दिला.

मागं उपसमितीची नावं वाचणं चालू होतं. मी पाठ सरळ केली आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.